तिसरा रकाना

माझ्या वडिलांची एक वही माझ्याजवळ आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदाराच्या खातेवहीसारखी लांबट. वडील चौथी शिकलेले, पण अक्षर घोटीव. वहीत तीन रकाने आखलेले. पहिल्यात नक्षत्र: रोहिणी, मिरग, आर्द्रा. दुसऱ्यात ओल: ‘चार बोटं’, ‘आठ बोटं’, ‘वीतभर’. पाऊस पडून गेला की ते विळा घेऊन वावरात जात, माती उकरत आणि ओल कुठवर उतरली ते बोटांनी मोजत. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असे. ‘पेरली.’ ‘थांबलो.’ ‘डवरलं.’

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर ढग काढला, डोंगर काढला, बाण काढून जलचक्र पूर्ण केलं. पण त्या बाणांतून माझ्याच वावरात किती पाणी येतं आणि कुठे जातं, हे कधी मोजलं नाही. निवृत्त झालो आणि दारव्हा तालुक्यातली आमची नऊ एकर जमीन स्वतः करायला घेतली. चार एकर नाल्याकाठची काळी, पाच एकर टेकडीच्या अंगाची बरड. दोन्हीवर एकच पाऊस पडतो. तरी एकीवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीला लागते आणि दुसरीवर गुडघ्याशी थांबते. याचं उत्तर मला साठीनंतर मिळालं. ज्या कामामुळे मिळालं त्याविषयी हा लेख आहे.

पाऊस आहे, मग पाणी कुठे जातं?

यवतमाळचं नाव बाहेर निघालं की लोक दुष्काळ समजतात. खरं म्हणजे आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद मांडून उभं राहिलेलं नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार साधारण 400 मिलिमीटरच्या भागातलं गाव आहे. म्हणजे आमच्याकडे त्यांच्या दुपटीहून जास्त पाऊस. एका बाजूला वर्धा, दुसऱ्या बाजूला पैनगंगा, मध्ये अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा. आणि तरीही कर्जाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्यांत पहिलं नाव आमचं.

याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत, 1969 मध्ये, अकोल्याचं कृषी विद्यापीठ उभं राहिलं. त्यांचा जन्मदिवस, 1 जुलै, आपण कृषी दिन म्हणून पाळतो. सुधाकरराव नाईकांच्या काळात, 1992 मध्ये, जलसंधारणाचं स्वतंत्र खातं निघालं. म्हणजे शेतीचं शास्त्र आणि पाण्याची काळजी या मातीला परकी नाही. अकोल्याला विद्यापीठ आहे. नागपूरला 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. मातीचा अभ्यास करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण विभाग नागपूरलाच, उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही तिथेच. इतकी विद्या दोनशे किलोमीटरच्या आत. ती माझ्या धुऱ्यापर्यंत का आली नाही, हा प्रश्न मला फार वर्षं छळत होता.

पोकरा आणि पाण्याचा हिशेब

2018 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला. गावागावांत त्याला ‘पोकरा’ म्हणतात. मराठवाडा आणि विदर्भाचे जिल्हे, त्यात यवतमाळ, शिवाय जळगाव आणि नंतर नाशिक मिळून सुमारे 5 हजार गावं यात होती. हवामान बदलत असताना कोरडवाहू शेतकऱ्याला टिकून राहता यावं, हा हेतू. ठिबक, शेततळं, विहीर यांना अनुदान होतंच. पण मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. अनुदान वाटण्याआधी प्रत्येक गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा, असं ठरलं होतं. आणि तो कसा मांडायचा याची पद्धत बसवण्यासाठी प्रकल्पाने आयआयटी मुंबईशी करार केला होता.

आयआयटीत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचं काम करणारं एक केंद्र आहे. 1985 साली सुरू झालेल्या या केंद्राला सगळे ‘सितारा’ म्हणतात. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून हा हिशेब बसवला. मातीचे आणि जमीनवापराचे नकाशे नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्राचे. रोजचा पाऊस ‘महावेध’च्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांचा. पिकांची माहिती कृषी खात्याची आणि गावाची. या सगळ्यांची सांगड घालून संगणक रोजच्या रोज, जमिनीच्या तुकड्या-तुकड्याचा हिशेब करतो: पडलेल्या पावसातलं किती वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती पिकाने घेतलं, किती खाली भूजलात उतरलं.

ताळेबंद हा शब्द आपल्याला दुकानाच्या हिशेबातून माहीत आहे. जमा एकीकडे, खर्च एकीकडे. पाण्याचंही तसंच. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला म्हणजे 10 हजार लिटर पाणी पडलं. एकरावर धराल तर साधारण 4 हजार लिटर. अधिकारी मंडळी ‘टीसीएम’मध्ये बोलतात, टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजेच 10 लाख लिटर. पाचशे हेक्टरचं गाव आणि 900 मिलिमीटर पाऊस धरला, तर जमेच्या बाजूला 4,500 टीसीएम पाणी येतं. आकडा ऐकून छाती फुलते. पण हे पाणी गावात एकदम जमा होऊन राहत नाही. चार-पाच जोराच्या पावसांत त्यातलं बरंचसं नाल्याने निघून जातं, आणि पऱ्हाटीला पाणी लागतं ते नंतर.

माझ्या दोन वावरांचं कोडं इथे सुटलं. मीटरभर खोल काळी जमीन झाडाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरते. वीतभर खोलीची बरड त्याच्या चौथाईलाही पुरत नाही. खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाती-फुलं-बोंडं धरण्याच्या दिवसांत कपाशीला रोज चार ते सहा मिलिमीटर पाणी लागतं. भागाकार तुम्हीच करा. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाचा खंड पडला की काळीतली पऱ्हाटी महिनाभर तग धरते. बरडीतली आठ-दहा दिवसांत मान टाकते, पातेगळ सुरू होते. वर्षाचा पाऊस सरासरी गाठतो, कागदावर सगळं ठीक दिसतं, आणि टेकडीवरच्या माणसाचं वर्ष गेलेलं असतं. त्याचा दुष्काळ तालुक्याच्या आकड्यात कधी उमटतच नाही.

ग्रामसभेतला प्रश्न

आमच्या गावात पोकराची समूह सहायक म्हणून एक मुलगी येत असे. दिग्रसकडची, कृषी पदवीधर, पायात बूट आणि पाठीवर पिशवी. शिवार फेरीच्या दिवशी ती आमच्या बांधावर थांबली आणि म्हणाली, “गुरुजी, इथे माती किती खोल आहे?” मी वडिलांसारखा विळ्याने उकरून दाखवलं. वीतभरावर मुरूम लागला. तिने नकाशावर बोट ठेवलं. “नकाशात हा तुकडा मध्यम खोल दाखवलाय. दुरुस्त करायला लागेल.” मला त्या क्षणी फार बरं वाटलं. मुंबईत बसलेल्या संगणकाला माझ्या विळ्याची गरज होती, आणि माझ्या विळ्याला त्या संगणकाची.

नंतर ग्रामसभा भरली. गावाचा कल ठरलेलाच होता: नाला आणखी खोल करायचा आणि एक सिमेंट बंधारा बांधायचा. आधीच्या वर्षांत नाला खोलीकरण झालं होतं, पाणी साचलेलं डोळ्यांना दिसत होतं, मग तेच पुढे न्यावं असं सगळ्यांना वाटत होतं. ताळेबंदात मात्र गावाचे पाणलोटानुसार भाग पाडलेले होते. कुठल्या भागातून पाणी निघतं, कुठे थांबतं आणि पिकाची तूट कुठे आहे, हे वेगवेगळं मांडलेलं. वरच्या भागात वाहून जाणं सर्वांत जास्त, आणि तूटही तिथेच सर्वांत जास्त.

वरच्या अंगाला जमीन असलेली आमची एक काकू उभी राहिली. तिने फळ्याकडे पाहिलंही नाही. “नाल्यातलं पाणी मले काय कामाचं जी? माहं वावर तं टेकडीवर. माह्याच वावरातलं पाणी तुमच्या नाल्यात जाते अन् तुम्ही त्याच्यावर गहू घेता.”

सभेत कोणी काही बोललं नाही. हे काय नवीन होतं? ती हे वीस वर्षं सांगत होती, आणि वीस वर्षं ते एका बाईचं रडगाणं ठरत होतं. त्या दिवशी तिच्या मागे फळ्यावर तोच हिशेब मिलिमीटरमध्ये लिहिलेला होता. मला शास्त्राची खरी ताकद तिथे दिसली. तिला ठाऊक नसलेलं त्याने काही सांगितलं नव्हतं. तिचं ठाऊक असणं त्याने गावाला नाकारू दिलं नाही.

शेवटी गावाने दोन्ही धरलं. बंधारा यादीत राहिला, पण त्याच्या आधी वरच्या अंगाची बांधबंदिस्ती, उतार पाहून शेततळी आणि रुंद वरंबा सरीवर पेरणी आली. वाद झाले, काही अजून मिटलेले नाहीत. पण पाणी अडवायचं तर आधी वर अडवायचं, ही गोष्ट त्यानंतर कोणाला पटवावी लागली नाही.

शेततळ्याचाही हिशेब सांगतो, कारण लोक त्याला जादू समजतात. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल तळ्यात उताराच्या भिंती धरून सुमारे 2,200 घनमीटर पाणी मावतं. एका हेक्टरला पन्नास मिलिमीटरचं एक संरक्षित पाणी द्यायचं तर 500 घनमीटर लागतात. म्हणजे काहीच वाया गेलं नाही तर एक तळं चार हेक्टरांना एकदा पाणी देतं. पण मुरमात पाणी झिरपतं, उन्हात उडतं, आणि तळ्याखाली जमीन जाते ती वेगळीच. तरीही खंड पडलेल्या आठवड्यात बरडीवरच्या पऱ्हाटीला दिलेलं एक पाणी काय करतं, ते मी माझ्या वावरात पाहिलं आहे. झाड पाती टाकायची थांबतं. एवढंच. पण कोरडवाहूत एवढ्यावरच वर्ष उभं राहतं. मात्र हेच तळं प्लॅस्टिक अंथरून विहिरीच्या पाण्याने भरलं, तर ते पावसाचं पाणी अडवत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणी आपल्या अंगणात आणतं. अवजार तेच, हिशेब उलटा.

2017 विसरता येत नाही

विद्या असूनही माणसं मरतात, हे आम्ही पोकराच्या एकच वर्ष आधी पाहिलं. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. बीटी कपाशीला ती दाद देत नाही, हा इशारा नागपूरच्या कापूस संस्थेचे शास्त्रज्ञ आधीपासून देत होते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंदट, आणि लोक भीतीपोटी औषधांत औषधं मिसळून फवारत होते. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. शेकडो जण दवाखान्यांत दाखल झाले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. माझ्या वर्गात बसलेला एक मुलगा त्या वर्षी मजुरीने फवारणीला जात असे. तो वाचला, पण कित्येक दिवस त्याला नीट दिसत नव्हतं. त्याला मी जलचक्र शिकवलं होतं, हे मला राहून राहून आठवतं.

दुःखाची गोष्ट अशी की किडीवर नजर ठेवणारी भागीदारी तेव्हाही होती. 2008 मध्ये सोयाबीनवर अळीचा मोठा हल्ला झाला, आणि त्यानंतर 2009 पासून राज्यात क्रॉपसॅप सुरू झालं. कृषी खातं, कृषी विद्यापीठं आणि केंद्राच्या संशोधन संस्था एकत्र येऊन शेतांची पाहणी करतात, नोंदी संगणकावर जातात आणि त्यावरून सल्ला निघतो. बोंडअळीसाठी आकडाही ठरलेला आहे: कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग, किंवा फुला-बोंडांत शेकडा दहा नुकसान. म्हणजे वीस हिरवी बोंडं तोडून फोडावीत. दोन किडकी निघाली तर फवारावं, नाही तर थांबावं.

आकडा होता, सल्लाही होता. पण फवारायचं की नाही, हे ठरत होतं उधारीच्या दुकानात, शेजाऱ्याच्या पंपाच्या आवाजावर. बोंड फोडून पाहण्याची सवय ज्याच्या हातात असायला हवी होती, त्याच्या हातात फक्त पंप होता. आज आमच्या गावात एकरी दोन सापळे लावणारे शेतकरी आहेत. बायका वेचणीआधी डोमकळ्या, म्हणजे अळी लागून मिटलेली फुलं, तोडून पिशवीत भरतात. ज्याने पतंग स्वतः मोजले, तो दुकानदाराला ‘आज नको’ म्हणू शकतो. सल्ला दुसऱ्याचा असला की माणूस घाबरल्यावर तो विसरतो. स्वतः मोजलेलं विसरत नाही.

जिथे दोरा तुटतो

या कामात उणं काय आहे, तेही सांगायला हवं. महावेधचं केंद्र महसूल मंडळाला एक. एका मंडळात कितीतरी गावं. आमच्याकडे पाऊस वावराच्या एका धुऱ्यावर पडतो आणि दुसऱ्यावर पडत नाही. चोवीस तासांत 65 मिलिमीटर झाले तर अतिवृष्टी, असा नियम. केंद्रावर 60 मोजले गेले आणि इकडे नाला वावरात शिरला, तर माणसाने काय करायचं? 2023 मध्ये केंद्र सरकारने ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायतीच्या पातळीवर पर्जन्यमापक बसवायचं ठरवलं. ते लवकर व्हावं. मोजमाप जितकं जवळ, तितका हिशेब खरा.

दुसरं, प्रकल्पाला मुदत असते, पावसाला नसते. माणसं बदलतात, करार संपतात, भिंतीवरचा ताळेबंद उन्हाने फिका पडतो. पोकराचा दुसरा टप्पा आता आणखी जिल्ह्यांत जातो आहे, याचा आनंद आहे. पण पहिल्या टप्प्यातल्या गावांत दर वर्षी ऑक्टोबरला, पाऊस परत फिरल्यावर, ग्रामसभेत नवा ताळेबंद मांडला जावा, रब्बीत हरभरा किती आणि गहू किती हे त्यावरून ठरावं, असं मला मनापासून वाटतं. शेजारच्या, तेव्हाच्या अखंड आंध्रात हे झालेलं आहे. तिथल्या सात दुष्काळी जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत, अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने, शेतकऱ्यांनीच पाऊस आणि विहिरींची पातळी मोजली, स्वतः ताळेबंद मांडला आणि पिकं त्याप्रमाणे बदलली. कोणावर सक्ती नव्हती. विहिरीत किती उरलं हे सगळ्या गावाला एकाच दिवशी कळत होतं, एवढंच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जिव्हाळ्याची. शास्त्रज्ञाच्या तक्त्यात दोन रकाने पक्के असतात: कधी आणि किती. मग काय केलं, हा रकाना तिथे रिकामा राहतो, कारण तो मुंबईत किंवा नागपूरला भरता येत नाही. तो गावात भरायचा असतो. विज्ञान आणि शेतकरी यांची भागीदारी म्हणजे मला एवढंच कळतं की दोघांचे रकाने एकाच पानावर यावेत. विद्यापीठ सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. वडील म्हणत, वीतभर ओल उतरल्याशिवाय पेरू नये. मी दोन वर्षं पर्जन्यमापक लावून, शेजारी खड्डा खोदून पाहिलं. आमच्या काळीत या दोन गोष्टी जवळजवळ एकाच जागी येऊन भेटतात. चौथी शिकलेल्या माणसाने आपली कसोटी बोटांवर ठरवली होती आणि विद्यापीठाने आपली नळकांड्यात. दोन्ही बरोबर होत्या. त्यांची गाठ पडायला इतकी वर्षं लागायला नको होती.

वडिलांची वही मी पुढे चालवतो आहे. त्यात मिलिमीटरचा एक रकाना वाढवला आहे. नक्षत्र आणि बोटं काढलेली नाहीत. गेल्या मिरगात सुरुवातीलाच एक दणका पाऊस झाला. गावात ट्रॅक्टर सुरू झाले, सरकीच्या पिशव्या फुटल्या. सकाळी काकूचा नातू धावत आला. “मास्तर, आजी विचारते, किती झाला?”

मी नळकांडं पाहिलं, मग विळा घेऊन त्याच्याबरोबर वावरात गेलो. परत येऊन लिहिलं. मिरग. 38 मिलिमीटर. सहा बोटं. आणि शेवटच्या रकान्यात, वडिलांच्याच शब्दात: थांबलो. त्या पोराने तो शब्द मोठ्याने वाचला आणि आजीला सांगायला टेकडीकडे पळाला.